बोडीपलीकडची सत्तावीस छपरं

सीताफळाची एक काळी बी पांढऱ्या गादीवरून घरंगळत आली आणि कामिनीच्या गुडघ्याला लागून थांबली. गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानात मांडी घालून बसलं की गुडघ्याशी काय येऊन पडेल याचा नेम नसतो. टाचण्या येतात, बिलाचे बोळे येतात, दुसऱ्याच्या लेकराचं अर्धं बिस्कीट येतं. पण सीताफळाची बी, आणि तीही जानेवारी निम्मा उलटल्यावर? तिनं ती उचलली. गुळगुळीत होती, थंडगार. मागोमाग आणखी चार-पाच आल्या, मग चिंचोके आले, मग हरभरे, आणि तिच्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "आता वं माय! गाठच सुटली ना थैलीची!" कामिनीनं मान वळवली नाही. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. वर्षातून दोनदा-तीनदा तो जिल्हा परिषदेत तिच्या टेबलापुढे यायचा, आणि आला की ती समोरची सरळ असलेली फाइल पुन्हा सरळ करायची.

हर्षाचं लग्न महिन्यावर आलं होतं. हर्षा म्हणजे नणंदेची मुलगी. तिचा मामा रुपराव, म्हणून आहेर मामाचा आणि पायपीट मामीची. रुपराव घरी सोफ्यावर बसून फोनवरून "रंग पाहून घेजो वं" एवढं सांगणार, आणि नंतर वर्षभर सगळ्यांना सांगणार की दुपट्टे आपण निवडले. कामिनीनं रजा टाकली होती. रजेच्या दिवशी ऑफिस आपल्या मागे गांधीबागेत येईल असं कोणाला वाटतं? पण ते आलं होतं, गुडघ्यावर रांगत बिया गोळा करत होतं, आणि आता त्यानं वर पाहिलं.

"मॅडम? तुम्ही वो?" जयवंता म्हणाली. मॅडमसुद्धा कापड घेतात याचं तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. जयवंता कुही तालुक्यातल्या खैरबोडीची सरपंच, राहायला गावाबाहेरच्या वस्तीत, म्हणजे टोल्यात. पस्तिशीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी. कामिनीला तिचं सगळं आवडायचं, एवढं एक पाहणं सोडून. "दिराच्या पोरीचं लग्न आहे ना," जयवंता बिया ओंजळीत घेत सांगू लागली. "आमच्या टोल्यात कोणाच्याई घरचं लग्न असो, कापड सगळ्याले द्या लागते. माणसाले खांद्यावरचा दुपट्टा, बाईले चोळीचा पीस, लेकराले रुमाल. मंग घरोघर थैली फिरवतो. माणसाचा चिंचोका, बाईची सीताफळाची बी, लेकराचा हरभरा. ज्याच्या घरचं त्यानं टाकायचं. भांडण नाही, काही नाही. आमचं एक राहून गेलं असं कोणी म्हणत नाही."

राहून गेलं. जयवंतानं ते सहज म्हटलं होतं, आणि कामिनीच्या हातातली बी एकाएकी जड झाली. दुकानात पंखा बंद होता, कोऱ्या कापडाचा खळीचा वास होता, पलीकडे कोणीतरी गठ्ठा फाडत होतं, आणि तिच्या डोळ्यांपुढे मात्र पाणी आलं. बोडीचं पाणी, गावतळ्याला तिकडे बोडी म्हणतात. फेब्रुवारी दोन हजार अकराचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे सव्वाचार. तेव्हा ती कुहीच्या पंचायत समितीत कनिष्ठ सहायक होती, एकतीस वर्षांची, घरी सव्वा वर्षाचा पियुष, आणि जनगणनेचं काम गळ्यात पडलेलं. वीस दिवस ती खैरबोडीत घरोघर हिंडली होती. नावं लिहिली, वयं लिहिली, वय माहीत नसलेल्या म्हाताऱ्यांना आठवणीतल्या पुरांवरून वयं लावून दिली. काम तिनं मन लावून केलं होतं, हे तिचं तिलाच अनेकदा सांगावं लागे. शेवटचं घर झालं आणि ती बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आली. हातात गावच्या शाळेतल्या गिरिधर मास्तरांनी आदल्या वर्षी घरयादी करताना काढलेला नजरी नकाशा होता. मास्तरांचं अक्षर सुरेख, नकाशाही सुरेख. मारुतीचं देऊळ, शाळा, विहीर, आणि शेवटी बोडी. बोडीपुढे मास्तरांनी गवताचे तीन झुपके काढून 'शेती' असं लिहिलं होतं. आणि कामिनीच्या समोर, पाण्यापलीकडे, गवताच्या तीन झुपक्यांच्या जागी छपरं होती. तिनं कपाळावर हात धरून मोजली. सत्तावीस.

पाच वाजताची एसटी शेवटची होती. नकाशात नाही, म्हणजे हा टोला दुसऱ्या कोणाच्या गटात असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. वाक्य इतकं नीट, इतकं सरकारी होतं की ते खरं असणारच असं तिला वाटलं, आणि ती वळली. आजवर कोणी विचारलं असतं तर तिनं इथपर्यंतच सांगितलं असतं. पण गोष्ट इथपर्यंतच नव्हती. मार्चचे पहिले पाच दिवस फेरतपासणीचे होते. जन्मले-वारले, राहिले-साहिले, ते पुन्हा जाऊन पाहण्याचे. एक तारखेला तिनं गिरिधर मास्तरांना फोन केला. मास्तर हसले. "अरेच्चा! तो टोला राहूनच गेला काय माझ्याकडून? घ्या ना मॅडम जाऊन. पाच दिवस पडले आहेत." दोन तारखेला रामटेकला पियुषचं जावळ होतं. पाहुणे आले होते, आत्याच्या ओटीत केस पडत होते, पियुष ओरडून ओरडून लाल झाला होता, आणि गडाच्या पायऱ्यांवर एका माकडानं रुपरावच्या हातातला नारळ पळवला म्हणून सगळे पोट धरून हसले होते. तीन तारीख गेली, चार गेली. पाच तारखेला दुपारी पियुषचं तुळतुळीत डोकं मांडीवर घेऊन ती घरात बसली होती. त्या डोक्याला हळदीचा आणि दुधाचा वास होता. जाऊन येऊ, असं तिला दोनदा वाटलं. मग तिनं उजव्या हातानं, लेकराला धक्का लागू न देता, फॉर्म ओढला आणि फेरतपासणीच्या रकान्यात लिहिलं, 'बदल नाही'.

खैरबोडी सहाशे चार झाली. पुढे ती छापली गेली, आणि छापलेल्या आकड्याला कोण हात लावतो? कामिनी विसरूनही गेली असती. माणूस याहून मोठ्या गोष्टी विसरतो. पण सहा वर्षांनी तिची बदली नागपूरला झाली आणि टेबल मिळालं ते नेमकं वाटपाचं. राज्य सरकार जमिनीवर, खरेदीखतांवर, कशाकशावर कर घेतं. त्यातला ठरलेला हिस्सा जिल्ह्याला परत येतो, आणि जिल्ह्यातून गावागावांना जातो. जाताना तो कशाच्या मापानं भागायचा, तर माणसांच्या. आणि माणसं किती, तर दोन हजार अकरात मोजली तितकी, कारण त्यानंतर कोणी मोजलीच नाहीत. कामिनीच्या तक्त्यातला सहावा रकाना लोकसंख्येचा. पहिल्याच दिवशी तिची नजर कुही तालुक्यावर गेली आणि खैरबोडीवर जाऊन बसली. त्या रात्री जेवताना तिनं सत्तावीसला पाचानं गुणलं. एकशे पस्तीस. घरटी पाच धरलं तर. तेव्हापासून हा गुणाकार तिच्या डोक्यात केव्हाही चालू व्हायचा. भाजी निवडताना, सिग्नलला स्कूटी थांबली की. छपरं तिला स्पष्ट आठवायची, कौलं आणि टिनाचे पत्रे वेगवेगळे आठवायचे, पण त्यांच्याखाली माणूस दिसत नसे. पाच, पाच, पाच, एवढंच.

दहा वर्षं झाली की पुन्हा मोजतील आणि सगळं आपोआप ठीक होईल, या आशेवर तिनं चार वर्षं काढली. मग करोना आला आणि मोजणी लांबली ती लांबलीच. एकदा मार्चअखेरीला, सगळे चहाला गेलेले असताना, तिनं तक्त्यात सहाशे चार खोडून सातशे एकोणचाळीस लिहिलं होतं. खैरबोडीचा वाटा तिथल्या तिथे वाढला, आणि बाकी गावांचा केसभर घटला. अर्धा मिनिट ती त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग तो तिनं जसा होता तसा केला, कारण खोटा आकडा लिहिणं हा गुन्हा होता. पहिला आकडा तरी खरा होता का, हे तिला विचारणारं तिथं कोणी नव्हतं.

आणि मग टोल्यातलीच एक बाई सरपंच झाली. पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा जयवंतानं विचारलं होतं, "आमच्या गावाले एवढुसाच वाटा काहून मॅडम?" कामिनीनं तक्ता तिच्याकडे वळवून सहाव्या रकान्यावर बोट ठेवलं. "लोकसंख्या कमी आहे ना ताई तुमची." जयवंता मोठ्यानं हसली होती. "कमी? आमच्या टोल्यात तं चालाले जागा नाही, एवढे पोट्टे आहेत." कामिनीही हसली होती, तिला चहा पाजला होता, लिफ्टपर्यंत सोडायला गेली होती. त्या हसण्याची तिला आजही लाज वाटे.

"भाभी, पहले नग बताओ, भाव बाद में करेंगे," शेठ म्हणाला. जयवंतानं बियांची ओंजळ गादीवर ओतली आणि कपाळाला हात लावला. पुन्हा मोजावं लागणार होतं.

"द्या, मी मोजते," कामिनी म्हणाली. तिनं शेठकडून एक कोरं बिल मागून घेतलं, ते उलटं केलं, आणि हात आपोआप चालले. तीन उभे रकाने, वर पुरुष, स्त्रिया, मुलं. चिंचोके एकीकडे, काळ्या बिया एकीकडे, हरभरे एकीकडे, दहादहाच्या ढिगांत. समोर बसून जयवंता ढीग तपासत होती आणि तोंडानं टोल्याची खबर देत होती. या तीन बिया धोंडबाच्या घरच्या, म्हातारीची, सुनेची आणि नातीची. तेरा वर्षांच्या नातीला रुमाल चालत नाही, चोळीचाच पीस पाहिजे. "अन् धोंडबानं चिंचोके दोन टाकले. मी म्हटलं, काहून गा बुढ्या, पोरगा तं हैदराबादले आहे चार सालापासून. तं म्हणते, येईन तं त्याले पाहिजे ना!" मोजणीच्या वीस दिवसांत जो गावात नाही तो गावाचा नाही, असं कामिनीला प्रशिक्षणात शिकवलं होतं. धोंडबाचा तो दुसरा चिंचोकाही तिनं पुरुषांच्या ढिगात ठेवला. अठ्ठेचाळीस चिंचोके झाले, एक्कावन्न बिया, त्रेपन्न हरभरे. तिनं खाली रेघ मारली. एकशे बावन्न. ते पाच-पाच-पाच तिच्या डोक्यात थांबलं, पण हलकं काही वाटलं नाही. उलट एकेका ढिगाला आता म्हातारी होती, सून होती, रुमाल नको म्हणणारी नात होती.

"सगळ्याले एकसारखं घ्या लागते," जयवंता कापडाचं सूत बोटांत चोळत म्हणाली. "नाही तं सव्वीस तारखेले हेबी माझ्या डोक्शावर येईन."

"सव्वीसला काय आहे?"

"ग्रामसभा ना. राजीनामा मागून राहिले माझा." तिनं हे भाव विचारल्यासारखं सांगितलं. "बोडीअलीकडचे नाही मागत. माझ्या टोल्यातलेच मागते. पाण्याचा पाइप बोडीपाशी येऊन थांबला, दिवे बोडीपाशी थांबले. वाटा येते तेवढा अलीकडंच सरते. मी सांगून राहिली, कागदावर आपले माणसं कमी लागले आहेत. ते म्हणते, मंग आम्ही कोण आहो? आपल्यातली बाई बसवली अन् तिनंच पैसा खाल्ला म्हणते. घरोघर कागद फिरवला, अंगठे घेतले. परवा सासूबी म्हणे, खाल्ला असशीन तं सांगून दे, घरातल्या घरात ठेवू." ती हसली, पण या वेळी हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "सतरा घरचे अंगठे आहेत मॅडम. अन् त्याच सतरा घरी मी थैली घेऊन गेली."

कामिनीनं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पुढच्या वर्षी मोजणी होणार आहे ताई. त्या वेळी लक्ष ठेवा. टोल्यात कोणी आलं नाही तर लगेच अर्ज द्या." वाक्य चांगलं होतं, उपयोगाचं होतं, आणि त्याच्याआड तिला लपता येत होतं.

"पुढच्या वर्षी हाव," जयवंता म्हणाली. "पण या सव्वीसले मी काय सांगू?" मग तिनं पिवळ्या पिसांचा गठ्ठा बाजूला सारला, आणि तिला काहीतरी आठवलं. "मागच्या मोजणीले एक बाई आली होती. माझं लग्न होऊन महिनाच झाला होता तवा. सासू म्हणे, आज तुझं नाव या घरात चढते, नवं पातळ नेस. सतरंजी टाकली, चहा ठेवला. पाळीवर दिसली ना ती बाई! खांद्याले थैली, हात असा कपाळाले. उभी राहिली, उभी राहिली. आम्ही इकून पदर हालवला. मंग ते परतच गेली. अजून येईन, अजून येईन म्हणून बसलो, चहा पुरा आटून गेला." जयवंतानं नाक उडवलं. "सासू मलेच बोलली. तुझ्या पायानं आली नाही म्हणे. बरेच दिवस बोले."

पलीकडे काहीतरी हलत होतं, हे कामिनीला आठवत होतं. तिला ते कोणीतरी वाळत घातलेलं कापड वाटलं होतं. पंधरा वर्षं त्या छपरांखाली तिनं एक माणूस शोधला होता, आणि तिथं एकोणीस वर्षांची एक नवी नवरी नवं पातळ नेसून उभी होती, पदर हलवत. समोरचं बिल तिनं सरळ केलं, पुन्हा सरळ केलं. रुपराव आठवला, ऑफिसमधल्या चौकशा आठवल्या, दहावीच्या अभ्यासाला बसलेला पियुष आठवला. अजूनही उठता आलं असतं. दुपट्ट्याचा रंग आवडला नाही म्हणायचं, आणि चपला शोधायच्या.

"जयवंताताई, ती बाई मी होती," ती म्हणाली.

जयवंतानं वर पाहिलं. त्या पाहण्याला कामिनी इतकी वर्षं भीत आली होती, आणि आता ते आलं तेव्हा त्यात राग नव्हता. ती फक्त तो पाळीवरचा चेहरा या चेहऱ्यात शोधत होती.

"टोला नकाशात नव्हता," कामिनी म्हणाली, आणि हे वाक्य बाहेर पडताच तिला त्याची किळस आली. "नाही. नकाशाचं सोडा. मले दुसऱ्या दिवशी कळलं होतं. पाच दिवस होते माझ्यापाशी. पोराचं जावळ होतं रामटेकले. मी आली नाही, अन् सगळं बरोबर आहे असं लिहून दिलं."

शेठनं काहीतरी ताडलं असावं. तो गल्ल्याकडे तोंड करून बसला. जयवंता ढिगांतल्या बिया थैलीत भरू लागली. मूठ भरून नाही, एकेक करून. चिंचोके झाले, काळ्या बिया झाल्या. हरभऱ्यांपाशी तिचा हात थांबला.

"केवढं आहे आता ते पोरगं?"

"सोळाचं."

"माझी पोरगी चौदाची." तिनं हरभरे उचलले. "पाण्याचे दोन गुंड डोक्यावर घेऊन पाळीवरून येते रोज. पाय चांगला आहे तिचा, घसरत नाही." शेवटचा हरभरा तिनं थैलीत टाकला. कामिनीला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "हे मले एकटीले सांगून काय होते मॅडम? मी गावात जाऊन सांगीन, तं म्हणतीन, पहा, आता सरकारी बाईवर ढकलून राहिली. सव्वीसले तुम्ही या. टोल्यात या. सतरंजी टाकतो. सगळ्यायच्या समोर सांगा."

कामिनीच्या हातात ते उलटं बिल होतं. तीन रकाने, आणि खाली तिच्याच अक्षरात एकशे बावन्न. ते तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पुढे काय होईल ते तिला साधारण माहीत होतं. नोटीस कोणत्या टेबलावरून निघते आणि तिचा मजकूर कसा असतो हेसुद्धा. भीती वाटत होतीच. तरी तिनं पर्सची चेन ओढली आणि जयवंताच्या डोळ्यांत पाहिलं.

"येते," ती म्हणाली. "सकाळीच येते." आणि मग, इतक्या मोठ्या गोष्टीनंतर काय बोलावं ते न सुचून, तिनं विचारलं, "पाळीवरून येता येते ना आता? झाला ना रस्ता?"

जयवंतानं थैलीचं तोंड आवळलं आणि या वेळी गाठ दोनदा मारली.

"रस्ता तं तेव्हाई होता, मॅडम."